गंगेच्या अलीकडे

२४ नोव्हेंबर १९६२, ब्रह्माघाट, काशी

चिन्यांनी लढाई थांबवली म्हणे. आपण होऊन आले, आपण होऊन थांबले, आणि आपली पोरं मध्ये बर्फात कॅनव्हासचे बूट घालून उभी. सकाळी पंचगंगा घाटावर स्नानाला गेलो तर पायरीपायरीवर हाच विषय. ज्याला धोतराचा सोगा सावरता येत नाही तोही पाण्यात उभा राहून सेनापतीला सल्ला देत होता.

एकतीस वर्षं शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं. आता शिकवायला समोर कुणी नाही म्हणून ही वही आणली आहे. घरात आम्ही दोघंच, मी आणि मुलगा बिंदुमाधव. तो बँकेतून संध्याकाळी येतो, जेवतो, वाचत पडतो. बायको, अन्नपूर्णा, होती तेव्हा निदान माझं म्हणणं खोडून तरी काढायची.

तर म्हणणं असं. आपल्या फौजेत जातो तो स्वखुशीनं जातो. ऐकायला फार छान! पण खुशी कुणाला होते? बलियाच्या, गाझीपूरच्या शेतकऱ्याच्या पोराला. आमच्या या गल्लीतून आजवर किती गेले? एकही नाही. खुशीवर सोडलं की भल्या घरच्यांना खुशी होतच नाही. म्हणून कायदा हवा. घरटी एक मुलगा, दोन वर्षं, मग तो शास्त्र्याचा असो की सावकाराचा. इथल्या हिंदी दैनिकाला पत्र लिहितो आहे. तीनदा खोडून झालं.

३० नोव्हेंबर

छापलं! नाव चुकवलं आहे, सप्रेचं सपरे केलं आहे, पण मजकूर जसाच्या तसा. घाटावर चौघांनी थांबवून विचारलं. ढुंढिराजशास्त्री पूजेचं साहित्य आवरता आवरता म्हणाले, "गोपीनाथराव, घरटी एक म्हणता, तुमच्या घरी तर एकच आहे."

मी म्हटलं, "कायदा म्हणजे कायदा. माझाही जाईल."

लोक वा वा म्हणाले. खोटं कशाला लिहू, बरं वाटलं. कित्येक दिवसांत माझं बोलणं एवढ्या माणसांनी थांबून ऐकलं नव्हतं.

रात्री जेवताना बिंदूला वाचून दाखवलं. तो ऐकत होता. मग म्हणाला, "छान लिहिलंय बाबा. थोडी दाल वाढा." अबोल आहे पोरगा. आईवर गेला आहे.

९ डिसेंबर

समोरचे दिनानाथ आपल्या पुतण्याच्या मुंजीचं बोलावणं घेऊन आले होते. ते रेल्वेत आहेत, रोज पूल ओलांडून मुगलसरायला कामाला जातात. मुंजही तिकडेच, रेल्वेच्या क्वार्टरात. बोलावून झाल्यावर त्यांनीच जीभ चावली. "अरे, तुम्हाला कसं जमणार?"

नाहीच जमणार. मी क्षेत्रसंन्यास घेतला आहे. अन्नपूर्णेचं वर्षश्राद्ध झालं आणि विश्वेश्वरासमोर हातावर पाणी घेऊन संकल्प सोडला, की देहात प्राण असेतो काशीची हद्द ओलांडणार नाही. पश्चिमेला पंचक्रोशी, पूर्वेला गंगा. गंगेच्या पलीकडे पाऊल टाकायचं नाही. लोक थट्टा करतात की पलीकडे मेलं तर गाढवाचा जन्म मिळतो. ते सोडा. पण ती गेली ती इथं. तिच्या राखेजवळ राहायचं, एवढंच माझ्या मनात होतं. मला कुणी सांगितलं नव्हतं, कुणी भरीला घातलं नव्हतं. म्हणून तर त्याला किंमत आहे.

त्याच सुमाराला बिंदूला नागपूरच्या बँकेची ऑर्डर आली होती. मोठी जागा होती. मी घरी येऊन त्याला संकल्प सांगितला, आणि दुसऱ्या दिवशी त्यानं आपला आपणच नागपूरला नकार कळवला. मी एका शब्दानं काही म्हणालो नव्हतो हो! मग इथं दुसऱ्या बँकेत लागला, कारकून म्हणून. असा मुलगा मिळायला भाग्य लागतं.

२३ डिसेंबर

घाईघाईनं लिहितो आहे. अक्षर वाचता येईलसं वाटत नाही.

आज रविवार. बिंदू चहा पिता पिता म्हणाला, "बाबा, मी फौजेचा फॉर्म भरलाय. इमर्जन्सी कमिशन, ठरावीक वर्षांसाठी. अलाहाबादला इंटरव्ह्यू आहे."

मला वाटलं चेष्टा करतो. मग त्याचं तोंड पाहिलं.

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही. आपणहून."

"अरे, पण कायदा कुठं झालाय अजून!"

"तुम्हीच लिहिलंत ना, आपल्या गल्लीतून कुणी जात नाही म्हणून."

"मी कायद्याबद्दल लिहिलं होतं! तू जा असं लिहिलं होतं का मी? कायद्यानं नेलं असतं तर गोष्ट वेगळी."

"काय वेगळं झालं असतं?"

तोंडातून निघून गेलं, "मी सरकारला शिव्या दिल्या असत्या. आता कुणाला देऊ?"

तो हसला. खूप दिवसांनी हसला. मला तेवढ्यात अन्नपूर्णेचा भास झाला आणि मी उठून आत गेलो.

२४ डिसेंबर

बोलत नाही मी त्याच्याशी. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं आता सगळा घाट म्हणणार. म्हणू देत.

तो का जातो आहे तेच कळत नाही. नोकरी आहे, घर आहे, मी काही त्याला जाचत नाही. सकाळी न राहवून एकदा विचारलं, की इथं तुला काय कमी आहे? म्हणाला, "काहीच कमी नाही बाबा." मग जातो कशाला?

१७ फेब्रुवारी १९६३

गेला. निवड झाली, पुण्याला ट्रेनिंग. कँट स्टेशनावर पोचवायला गेलो होतो. तिथवर मला चालतं, हद्दीतच आहे.

ट्रंक वर टाकून झाल्यावर त्यानं डब्यात शेजारची जागा रुमालानं झटकली आणि म्हणाला, "चला ना बाबा, बसा. पुण्यापर्यंत नको, एकच स्टेशन. पुढे उतरून परत या."

मी म्हटलं, "थट्टा पुरे. पाण्याची सुरई घट्ट धर." तो खिडकीशी बसला. गाडी सुटल्यावर बराच वेळ हात हलवत होता. ती शेजारची जागा गाडी सुटेपर्यंत रिकामीच होती, एवढ्या गर्दीत. रुमाल ठेवला होता ना त्यानं.

घरी आलो आणि सवयीनं हाक मारून दार उघडायला सांगितलं. मग कुलूप दिसलं.

२० मार्च

बिंदूचं पत्र. देवा, काय ही मराठी! घरात मराठी बोलून, मी स्वतः शिकवून ही गत. 'इथं सगळं ठीकठाक आहे. सुबह चार वाजता उठवतात. परेडमध्ये पैर सुजले, बूट घालताना पहिले दोन दिवस डोळ्यांत आंसू आले, पण साथवाले मुलं चांगली आहेत. तुम्ही जेवण कसं करता?'

लाल पेन्सिल घेऊन बसलो. पैर नव्हे, पाय. आंसू नव्हे, आसवं किंवा पाणी. साथवाले नव्हे, सोबतची. सगळं तपासून, खाली 'लक्षपूर्वक लिहावे' असा शेरा देऊन पत्र परत टपालात टाकलं. माझीही खुशाली समासात लिहिली. मुलगा लांब गेला म्हणून भाषा का सोडायची?

तपासताना दुपार मजेत गेली.

६ मे

पत्र नाही. ट्रेनिंग कडक असणार. पातेल्यात एकट्याचा भात लावायचा म्हणजे कटकट. मूठभर तांदूळ तळाशी करपतात आणि दोन मुठी लावले तर संध्याकाळी तोच गार भात समोर येतो. आज तोच खाल्ला. वर्तमानपत्र मोठ्यानं वाचलं. दिनानाथांच्या बायकोनं, गीताबाईंनी, खिडकीतून विचारलं, "काका, कुणी आलंय का?" मी म्हटलं, हो, पाहुणे आहेत. का असं सांगितलं कोण जाणे.

२८ जुलै

कॉलेजांत सगळ्या मुलांना एन.सी.सी. सक्तीची झाली! म्हणजे माझं निम्मं म्हणणं सरकारनं मानलं. मुद्दाम मैदानावर पाहायला गेलो.

काय पाहिलं? निम्मी पोरं झाडाखाली. कुणाचा गुडघा दुखतो, कुणाला दमा. परेड करणाऱ्यांतही एकाचं पाऊल पुढे तर दुसऱ्याचं मागे, आणि सगळ्यांची नजर फाटकाकडे. परत येताना माझा एक जुना विद्यार्थी भेटला. आता त्याचा मुलगा कॉलेजात आहे. म्हणे, "मास्टरसाहब, एक चिठ्ठी लिख दीजिए, लड़का कमज़ोर है." मुलगा शेजारी उभा होता, चांगला पहिलवानासारखा.

मी चिडून निघून आलो. पण वाटेत मनात आलं, तशी चिठ्ठी मीही लिहिली असती. बिंदूला सक्तीनं नेलं असतं तर दहा डॉक्टरांचे उंबरठे झिजवले असते. त्यानं मला ती संधीच दिली नाही.

१४ ऑक्टोबर

सेकंड लेफ्टनंट बिंदुमाधव गोपीनाथ सप्रे. फोटो आला आहे. सोबत चार ओळी, इंग्रजीत. सुटी मिळाली होती तेव्हा मित्राबरोबर नागपूर पाहून आला म्हणे. काशीला यायला तेवढे दिवस पुरले नसते.

नागपूरला काय आहे बघण्यासारखं?

फोटो अन्नपूर्णेच्या फोटोशेजारी लावला. मग वाटलं, जिवंत माणसाचा तिथं नको. काढला. आता कपाटावर उभा करून ठेवला आहे. मी चुलीशी असलो की दिसत नाही, म्हणून पाट इकडे सरकवला.

१२ जानेवारी १९६४

पत्र, आणि या वेळी मराठीत. 'आमची पलटण पूर्वेकडे जाते आहे. गाडी मुगलसरायवरून जाईल, तिथं थोडी थांबेल. दिवस आणि वेळ लिहायची आम्हाला मनाई आहे, पण दिनानाथकाकांना कळेल. बाबा, याल का? तुम्हाला भेटून एक गोष्ट बोलायची आहे. सक्ती नाही.'

चार वेळा वाचलं. दहा मैल. दिनानाथ रोज जातात नि येतात. माझ्या खिडकीतून पूल दिसतो. पुलाच्या टोकापलीकडे माझा मुलगा येऊन थांबणार आणि मी इथं गंगेच्या अलीकडे!

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्या दिवशी पाणी सोडलं नसतं तर कुणी मला फासावर देणार होतं का?

१३ जानेवारी

शास्त्रीबुवांकडे गेलो. संकल्पाचे मंत्र त्यांनीच म्हटले होते. म्हटलं, "एका दिवसाची मोकळीक द्या. सकाळी जाऊन संध्याकाळी परत."

त्यांनी समोरची पोथी मिटली. मग म्हणाले, "मी देणारा कोण? राजानं हुकूम दिला असता तर राजानंच सोडवलं असतं. तुम्हाला कुणी घ्यायला लावलं होतं? मी तर म्हणत होतो, पोराचं मार्गी लागू द्या, मग बघू. तुम्ही ऐकलं नाहीत."

"म्हणजे मार्गच नाही?"

"गोपीनाथराव, तुमचा मुलगा सुखी आहे. त्याच्या फॉर्मवर मुदत आहे, इतकी वर्षं आणि मग सुटका. तुमच्यावर नाही." मग दाराशी आल्यावर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मोडण्याआधी परवानगी नसते. मोडल्यावर प्रायश्चित्त असतं."

म्हणजे नाहीच म्हणाले. निदान ते तरी ठाम आहेत. मला बरंच वाटलं, निर्णय माझ्यावर राहिला नाही.

२० जानेवारी

दिनानाथांनी काल सांगितलं, आज दुपारी गाडी येणार. गीताबाईंनी गुळपोळ्या करून दिल्या, मी चिवडा केला. डबा दिनानाथांच्या हाती दिला आणि वर चिठ्ठी, की संकल्प आहे, समजून घे, प्रकृतीला जप.

दुपारी घरात बसवेना. राजघाटापर्यंत चालत गेलो आणि पुलाच्या अलीकडच्या टोकाशी उभा राहिलो. थंडी मी म्हणत होती. पलीकडची रेती दिसत होती, धुक्यात पुलाचं दुसरं टोक दिसत नव्हतं. एक मालगाडी गेली. मग पॅसेंजर गेली मुगलसरायकडे, खिडक्यांतून माणसं वाकली होती. एका माणसानं मला हात केला. मी ओळखत नव्हतो त्याला. मीही हात केला.

संध्याकाळी दिनानाथ आले. रिकामे आले, डबा पोचला. पण बसेनात, चहा नको म्हणाले. मी म्हटलं, सांगा की! तेव्हा उभ्या उभ्या सांगितलं.

मिलिटरीची गाडी पाऊण तास थांबली. सगळे चहाभोवती जमले होते. बिंदू मात्र दुसऱ्या फलाटावर गेला, बनारसची पॅसेंजर लागते तिथं. पूर्ण गणवेशात, टोपीसकट. पॅसेंजर आली तसा डब्यामागून डबा बघत गेला, अगदी शेवटच्या डब्यापर्यंत. तिथून वळल्यावर त्याला दिनानाथ दिसले. डबा घेतला, वाकून नमस्कार केला. तेवढ्यात त्याचा कॅप्टन येऊन म्हणाला, "सप्रे, फादर आए नहीं?"

बिंदू म्हणाला, "नहीं सर. वो ड्यूटी पर हैं."

कॅप्टननं मान हलवली म्हणे. ड्यूटी म्हटल्यावर पुढे काय विचारणार?

दिनानाथांनी खिशातून एक घडी केलेला कागद काढून दिला आणि गेले. अजून उघडला नाही. शेजारी ठेवला आहे.

२१ जानेवारी

उघडला. इथं उतरवून ठेवतो.

'बाबा, समोर बोलणार होतो, पण लिहूनच आणलं होतं, कारण समोर मला कधी बोलता येत नाही. नागपूरला मी नकार दिला नव्हता. तुम्ही पाणी सोडून घरी आलात त्या दिवशी मला समजलं की मी नकार दिला आहे. आई गेली तेव्हा तुम्ही एकटे पडलात, मीही पडलो होतो. तुम्ही मला एकदा विचारायला हवं होतं. पेपरात तुमचं पत्र आलं, सक्तीची भरती पाहिजे म्हणून, तेव्हा मला हसू आलं. आपल्या घरी ती झाली होती. फौजेत मात्र मी माझ्या मर्जीनं आलो. माझ्या मर्जीची ही पहली गोष्ट. राग नाही. खरंच नाही. फक्त वाटत होतं, एकदा तुम्ही पूल ओलांडून याल, कुणी न सांगता.'

आधी संताप आला. बापाला असं लिहितात? कागद चुरगळला. मग सरळ केला.

मी विचारलं नव्हतं, हे खरं आहे. मला भीती वाटत होती की तो जातो म्हणेल. म्हणून आधी देवासमोर जाऊन आलो, म्हणजे बोलायला जागाच उरू नये. त्या दिवशी अन्नपूर्णेची राख, काशी, मोक्ष, सगळं मनात होतं, पण सगळ्यांत पुढे हेच होतं. आज पहिल्यांदा लिहितो आहे. आणि लोकांना सांगत होतो, मुलगा समजूतदार आहे!

आज स्नानाला गेलो नाही. दिवसभर कुणाशी एक शब्द बोललो नाही, आणि कुणी विचारलंही नाही.

२२ जानेवारी, मुगलसराय

होय, मुगलसराय. फलाटावरच्या बाकावर बसून लिहितो आहे.

सकाळी दिनानाथ निघाले तसा मागोमाग निघालो. त्यांनी एकदा वळून पाहिलं आणि तिकिटाच्या रांगेत मला पुढे उभं केलं. पूल आला तेव्हा मला वाटलं होतं काहीतरी होईल. छाती दाबेल, रडू येईल. शेजारची म्हातारी म्हणाली, "ए बाबू, खिड़की बंद कर द, जाड़ा लागत हौ." तिला थंडी वाजत होती, मी खिडकी बंद केली. उघडली तेव्हा पूल मागे गेला होता.

दिनानाथांनी तो फलाट दाखवला. दोन दिवसांपूर्वीचं तिथं काय असणार? हमाल झोपले होते. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेलो. मोठा फलाट आहे. एवढं अंतर तो डबे बघत चालला आणि मग तेवढंच परत.

आता इथं माझं काहीच काम नाही. ज्याच्यासाठी यायचं होतं तो आसामच्या वाटेला लागला. संकल्प मोडला, पुण्य गेलं, आणि हाती काय आलं म्हणाल तर काही नाही. घाटावर कळलं की लोक काय म्हणतील तेही माहीत आहे. शास्त्रीबुवांकडे संध्याकाळी प्रायश्चित्त विचारायला जाईन. सांगतील ते करीन.

स्टेशनाबाहेर पोस्ट आहे. एक कार्ड घेतलं. वर पलटणीचा पत्ता, ५६ ए.पी.ओ. खाली काय लिहावं सुचेना. एकतीस वर्षं फळा भरला, आणि एक कार्ड भरेना. शेवटी लिहिलं:

'चि. बिंदू, उशिरा आलो. कुणी सांगितलं नव्हतं. पुढची सुटी मिळेल तेव्हा तू काशीला येऊ नकोस, कुठं यायचं ते मला कळव. नागपूर असलं तरी येईन. बाबा.'

पेटीत टाकलं नाही. खिडकीतून बाबूच्या हातात दिलं आणि म्हटलं, "भैया, ठप्पा मेरे सामने मारिए. मुगलसराय साफ़ पढ़ने में आना चाहिए."

तो म्हणाला, "चिट्ठी तो वैसे भी पहुँच जाएगी, बाबूजी."

मी म्हटलं, "मालूम है. आप मारिए."

त्यानं शाईवर शिक्का घासून जोरात मारला आणि कार्ड उलटं करून मला दाखवलं.